धारेवरून की ओढ्याकाठून?

जंगलातल्या डोंगरांत ग्रॅव्हल सायकल (खडीच्या, कच्च्या रस्त्यांसाठीची रुंद टायरची सायकल) न्यायची, तर धारेवरचा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचा रस्ता घ्यावा की ओढ्याकाठचा, असं एकाने विचारलं. अंतर सोडा, चढ मोजा. धारेवर पोचायलाच दम निघतो आणि वरही चढउतार सुटत नाहीत. काठाचा रस्ता बहुधा हळूहळू चढतो. पण सावलीत चिखल लवकर वाळत नाही, ओल्या मुळांवर चाक घसरतं. तिथे 40 मिमी रुंदीचा टायरही मला कमीच वाटतो. धारेवर पाण्याचा निचरा होतो, खडी मात्र सुटी, उतारावर ब्रेक जपून. पिण्याचं पाणी खालूनच भरून न्यायचं. विजा कडाडत असतील तर धार नकोच. नवख्याने किंवा सामान लादलेल्याने कोरड्या दिवसांत काठ धरावा. आभाळ मोकळं, खाली चिखल आणि पायांत जोर असेल, तर धार.