ठोकलेली मॉडिफाय गाडी: दारात खोलायची, उक्ती द्यायची, की स्क्रॅप केंद्रात जमा करायची?

समोरून ठोकलेली, विमा कंपनीने टोटल लॉस (दुरुस्ती परवडत नाही अशी) ठरवलेली आणि वर हौसेने मॉडिफाय केलेली गाडी क्रेनवरून दारात येऊन पडली, की मालकापुढे तीन वाटा असतात. एक, स्वतः खोलून पार्ट सुटे विकायचे किंवा दुसऱ्या गाडीला वापरायचे. दोन, भंगारवाल्याला किंवा जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आहे तशी उक्ती द्यायची. तीन, नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात जमा करून प्रमाणपत्र घ्यायचं.

आमचं मत आधीच सांगतो. मॉडिफाय गाडीला पहिली आणि तिसरी वाट जोडून घ्यावी: मोजके आठ-दहा पार्ट घरी उतरवावेत आणि उरलेला सांगाडा स्क्रॅप केंद्रात देऊन नोंदणी रद्द करून घ्यावी. शेवटच्या बोल्टपर्यंत घरी खोलणं क्वचितच परवडतं. उक्ती विक्रीत मात्र कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन), अलॉय चाकं, टर्बो या सगळ्याला लोखंडाचाच भाव लागतो.

आधी गाडी तुमची आहे का, ते बघा

अपघाताची पोलिसांत नोंद झाली असेल, तर गाडी मुद्देमाल असते. पंचनामा होऊन सुपुर्दनाम्यावर ती ताब्यात मिळाली, तरी केस चालू असेपर्यंत ती आहे त्या स्थितीत ठेवायची हमी मालकाने दिलेली असते. अशा गाडीचा आरसासुद्धा काढू नये.

विम्याचंही तसंच आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांच्या वर गेला, की कंपनी टोटल लॉस धरते. मग एकतर कंपनी अवशेष स्वतःकडे घेते, किंवा अवशेषांची किंमत वजा करून उरलेली रक्कम देते आणि गाडी तुमच्याकडे राहते. पहिल्या प्रकारात म्युझिक सिस्टीमही तुमची उरत नाही. दुसऱ्या प्रकारात वजा केलेला आकडा नीट बघा, कारण तीच तुमची खरेदी किंमत. पार्ट विकून त्याच्या वर किती सुटणार, हा खरा हिशेब. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ आधी हवेत.

पैसा, वेळ, जागा, कागद

उक्ती विक्री सर्वांत सोपी. सकाळी फोन केला तर संध्याकाळी गाडी दारातून गेलेली असते. भाव ठरतो वजनावर आणि व्यापाऱ्याच्या नजरेवर. आरसीवर गाडीचं रिकामं वजन छापलेलं असतं आणि साधारण गाडीत लोखंड-पोलाद ६५ ते ७० टक्के भरतं. त्या लोखंडाच्या वजनाला त्या आठवड्याच्या भंगार दराने गुणलं की तळाचा आकडा निघतो. त्याच्या खाली कोणी मागत असेल तर सरळ नाही म्हणा.

या वाटेत खरा धोका कागदांचा आहे. टोटल लॉस गाडीची आरसी आणि चेसिस नंबर चोरीच्या गाडीला लावून ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचा धंदा जुना आहे. नोंदणी तुमच्या नावावर असेल, तर पुढचा ई-चलान आणि पुढचा गुन्हा तुमच्या पत्त्यावर येतो. भंगारवाल्याला सांगाड्यासोबत आरसी कधीही देऊ नये. गाडी कायमची निकामी झाली, तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ नुसार मालकाने १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. साताऱ्याला एमएच ११, कराडला एमएच ५०, सांगलीला एमएच १०, ज्या कार्यालयाची नोंद असेल तिथे जावं लागतं.

स्क्रॅप केंद्रात कागद चोख होतात. २०२१ च्या नियमांनुसार केंद्र गाडीची नोंद आणि चोरीची यादी तपासतं, गाडी जमा झाल्याचं प्रमाणपत्र देतं आणि नोंदणी रद्द होण्याची वाट मोकळी होते. त्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होऊ शकते आणि रस्ता करात सवलत मिळू शकते. केंद्र सरकारच्या नियमात खासगी गाडीसाठी ही सवलत २५ टक्क्यांपर्यंत ठेवली आहे. प्रत्यक्ष किती मिळेल, ते आपल्या आरटीओत विचारून घ्यावं. केंद्रांची यादी व्ही-स्क्रॅप पोर्टलवर आहे. फोनवर दोन गोष्टी विचारा: पार्ट काढलेली गाडी घेता का, आणि इंजिन नसेल तर किती वजा करता? गाडी नेण्याचा खर्च कोणाचा, हेही तेव्हाच ठरवा. वर्षभरात नवी गाडी घ्यायची असेल, तर ही सवलत सुट्या पार्टच्या नफ्याला मागे टाकू शकते.

घरी खोलण्यात पैसा सर्वांत जास्त, पण तो हळूहळू येतो. दोन माणसं आणि साधी हत्यारं धरली, तर बंपर, दिवे, दारं, काचा यांना एक दिवस, आतली सजावट आणि वायरिंगला एक, इंजिन-गिअरबॉक्सला दोन आणि सस्पेन्शनला अर्धा दिवस लागतो. ते पार्ट विकले जायला मात्र महिने जातात. तोवर ते कोरड्या जागी ठेवावे लागतात. पेठेतल्या अंगणात हे जमत नाही. कोबा केलेली, पत्र्याखालची, गाडीच्या चारी बाजूंनी चार फूट मोकळी जागा हवी. मातीवर जॅक खचतो, आणि घोडी (गाडी पेलणारा स्टँड) न लावता जॅकवरच्या गाडीखाली शिरणं म्हणजे जिवाशी खेळ. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडे, पाटण-जावळीच्या बाजूला जून ते सप्टेंबर उघड्यावर हे काम काढूच नये. उघड्या टर्बोत आणि सिलिंडरमध्ये आठवड्यात गंज धरतो.

मॉडिफाय गाडीत नेमकं काय उतरवावं

सुरुवात गाडीपासून नाही, माळ्यापासून करा. मॉडिफाय करताना काढून ठेवलेले कंपनीचे सायलेन्सर, स्प्रिंग, डिस्क, हेडलाइट, स्टिअरिंग तिथे पडलेले असतात. अपघात त्यांनी पाहिलेलाच नाही. त्यांना गिऱ्हाईकही जास्त, कारण पासिंगच्या वेळी गाडी मूळ रूपात आणायची गरज अनेकांना पडते. फ्री-फ्लो एक्झॉस्ट बसवताना काढलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सापडला, तर तो लोखंडाच्या काट्यावर अजिबात टाकू नका. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं.

अलॉयचा भाव चकाकीवर ठरत नाही. चाक उलटं करून आतल्या कडेला बोट फिरवा, बारीक चीर तिथेच सापडते. मग बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघा. वेल्डिंग केलेलं चाक विकू नये आणि घेऊ नये. विकताना पीसीडी (नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा मिलिमीटरमधला व्यास) आणि मधल्या भोकाचं माप लिहा. जुन्या स्विफ्टचं ४×१०० आणि ५४.१ मिलिमीटर, होंडा सिटीचं ४×१०० पण ५६.१, पोलोचं ५×१००, फियाट पुंतोचं ४×९८. ४×१०० चं चाक फियाटला ओढूनताणून बसतं. नट आवळलेही जातात, पण ते तिरके बसतात आणि वेगात सुटतात. नटही तपासा: सुझुकीचे आटे १२×१.२५, होंडाचे १२×१.५. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. बाजूला फुगा आलेला टायर भंगारात.

कॉइलओव्हर किंवा लोअरिंग स्प्रिंग चारी एकत्र असतील तरच चांगला भाव येतो. धडक बसलेल्या बाजूच्या शॉक अब्सॉर्बरचा रॉड सपाट काचेवर फिरवून बघा, जरा जरी उड्या मारल्या तर वाकलाय. स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बरचा एकत्र भाग) अख्खा उतरवायचा. मधला रॉडचा नट स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय सोडायचा नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मारू शकते. त्याच बाजूचा नकल (चाकाचा हब पेलणारा भाग), खालचा आर्म, टाय रॉड आणि स्टिअरिंग रॅक डोळ्याला सरळ दिसला तरी भंगारात जाऊ द्या. आतली चीर डोळ्याला दिसत नाही, आणि घेणाऱ्याच्या घरी लहान मुलं असतात.

टर्बोचा शाफ्ट बोटांत धरून पुढे-मागे ओढा. त्या दिशेला खेळ जवळजवळ नसावा, आडवा किंचित चालतो. पाती घराला घासल्याच्या खुणा असतील, तर तो चालू टर्बोच्या भावात विकू नका. अपघातात संप (इंजिनखालचं तेलाचं भांडं) फुटून इंजिन तेलाविना चालत राहिलं असेल, तर टर्बोचं बेअरिंग सर्वांत आधी जातं. डिझेल इंजेक्टर काढताना प्रत्येकावरचा कोड आणि सिलिंडरचा क्रमांक लिहून ठेवा. तो कोड ईसीयूत (इंजिनाच्या संगणकात) भरावा लागतो. तोंडं लगेच टोपणांनी बंद करा, धुळीचा एक कण इंजेक्टर खातो.

ईसीयू एकटा विकायला गेलात तर भाव पडतो, कारण इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) किल्लीशी जोडलेला असतो. ईसीयू, किल्ली, इमोबिलायझर युनिट आणि मीटर असा संच ठेवा. रीमॅप केलेला (आतलं सेटिंग बदललेलं) असेल तर तसं स्पष्ट सांगा. मोठ्या टर्बोचा मॅप साध्या गाडीत चालवला तर धूर निघेल आणि इंजिन बसेल. वायरिंग कापू नका. प्रत्येक सॉकेटला मास्किंग टेप लावून नाव लिहा. कापावंच लागलं तर सॉकेटमागे १५-२० सेंटिमीटर वायर सोडा. अॅम्प्लिफायर आणि एलईडी बारच्या जोडण्यांत मधेमधे टेप गुंडाळलेले जोड असतात. तेवढे तुकडे फेकून द्यावेत.

बकेट सीट स्लायडरसकट काढा, स्लायडर वेगळा मिळत नाही. बाजूच्या एअरबॅगचा लेबल सीटवर असेल तर थांबा आणि खालचा ‘घरी हात लावू नये असं’ हा भाग वाचा.

ठोकलेली आणि पुरातली गाडी एक नव्हे

सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या महापुरात डॅशबोर्डपर्यंत बुडालेल्या गाड्यांचा हिशेब उलटा असतो. ठोकलेल्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स, सीट, मागचा भाग चांगला आणि एका बाजूचा पत्रा, रेडिएटर, दिवे गेलेले. पुरातल्या गाडीत पत्रा, काचा, दारं, अलॉय शाबूत, पण ईसीयू, सेन्सर, अॅम्प्लिफायर, व्हील बेअरिंग यांचा भरवसा नाही. कृष्णेचा गाळ सॉकेटमध्ये शिरतो. आज चालणारा ईसीयू दोन महिन्यांनी हिरवा पडतो. पुरातलं इंजिन स्टार्टर मारून बघू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग किंवा इंजेक्टर काढून क्रँक हाताने फिरवा. अशी गाडी घरी खोलायची असेल तर बाहेरचे पार्ट काढून थांबावं.

घरी हात लावू नये असं

न फुटलेली एअरबॅग आणि सीटबेल्टचा प्रीटेन्शनर (धडकेच्या वेळी पट्टा ताणणारा भाग) यांत स्फोटक असतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून किमान १० मिनिटं थांबल्याशिवाय पिवळ्या सॉकेटला हात लावू नये, आणि त्यावर मल्टिमीटर तर कधीच टेकवू नये. बी-पिलरजवळ (पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबाजवळ) ग्राइंडर चालवताना आत प्रीटेन्शनर आहे हे ध्यानात ठेवा. जुनी एअरबॅग आणि ताण बसलेला पट्टा विकण्याच्या वस्तूच नाहीत.

सीएनजी टाकीत २०० बारच्या आसपास दाब असतो. ती रिकामी करणं आणि उतरवणं अधिकृत केंद्राचं काम. दर तीन वर्षांनी चाचणी लागते. अपघातातली टाकी नव्या चाचणीशिवाय दुसऱ्या गाडीत जाऊ नये. एसीचा गॅस रिकव्हरी मशीन असलेल्या गॅरेजमध्येच काढून घ्यावा. समोरून ठोकर असेल तर कंडेन्सर फुटून तो आधीच गेलेला असतो. तरी कॉम्प्रेसरची तोंडं लगेच बंद करा, त्यातलं तेल हवेतली ओल शोषतं.

गॅस कटर घरी नको. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ उरते. इंजिन ऑइल ३ ते ४ लिटर, गिअर ऑइल २ च्या आसपास, कूलंट ४ ते ६ लिटर निघेल. ते वेगवेगळ्या कॅनमध्ये भरा. जुनं ऑइल आणि बॅटरी, दोन्ही जुनं परत घेणाऱ्या गॅरेज-दुकानात जातात, बॅटरीचे पैसेही मिळतात. ऑइल ओढ्यात, उसाच्या सरीत किंवा विहिरीजवळ ओतलं तर ती जागा वर्षानुवर्षं सुधारत नाही.

मग कोणी काय निवडावं

गॅरेजवाला मित्र, पत्र्याची शेड आणि त्याच मॉडेलची दुसरी गाडी हाताशी असेल, तर घरी खोलणं सरळ फायद्याचं. तुमच्याच गाडीत जाणाऱ्या पार्टला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. इंजिन काढायचं असेल तर एक टनाची चेन कप्पी आणि तिला पेलणारा लोखंडी आडवा हवा. सागाच्या जुन्या वाशावर सव्वाशे-दीडशे किलोचं इंजिन टांगू नये. तेवढी सोय नसेल तर इंजिन गाडीतच ठेवून विकावं.

भाड्याच्या घरात राहणाऱ्याने आणि ज्याच्या गाडीत मॉडिफिकेशन म्हणजे फक्त स्टिकर, सीट कव्हर आणि हॉर्न आहे त्याने खोलायच्या भानगडीत पडू नये. त्याची गाडी सरळ स्क्रॅप केंद्रात गेलेली बरी.

दोन्ही वाटा जोडणाऱ्यांनी चेसिस नंबरच्या जागेला ग्राइंडर लावू नये. तो नंबर शाबूत नसेल तर केंद्र गाडी स्वीकारणार नाही आणि आरटीओत उत्तरं देत बसावं लागेल. अलॉय काढल्यावर माळ्यावरची जुनी लोखंडी चाकं पुन्हा चढवून ठेवा, हवा भरून. चाकांवर ढकलता येणारा सांगाडा दोन माणसं टोइंगच्या गाडीवर चढवतात. ठोकळ्यांवर ठेवलेल्या सांगाड्याला क्रेन बोलवावी लागते, आणि तिचं भाडं तुमच्याच पैशातून जातं.