प्रागच्या चौकात हॅम घेताना आधी ग्रॅम सांगा

प्रागच्या जुन्या शहराच्या चौकात, खगोलीय घड्याळापासून चार पावलांवर, खाण्याचे लाकडी स्टॉल लागतात. निखाऱ्यांवर डुकराच्या मांडीचा अख्खा हॅम फिरत असतो, शेजारी जाळीवर सॉसेज. वासानेच पाय थांबतात, आणि पाटीवरचा आकडाही परवडेलसा दिसतो. फसगत त्या आकड्यापाशीच होते.

सॉसेजचा, म्हणजे तिथल्या क्लोबासाचा, भाव नगावर असतो. आकड्यापुढे तिरकी रेघ आणि 'के', 'एस' ही रोमन अक्षरं असली, तर ते 'कुस' म्हणजे नग. हॅमचा भाव मात्र १०० ग्रॅमचा, आणि ते '१०० ग्रॅम' बऱ्याचदा इतकं बारीक लिहिलेलं असतं की नजर मोठ्या आकड्यावरच ठरते. दोन्ही पाट्या शेजारी, त्यामुळे दोन्ही भाव एकेका प्लेटचेच वाटतात.

"थोडं हॅम द्या" एवढंच म्हटलं की विक्रेता वजन विचारत बसत नाही. सुरी चालते आणि ३००-४०० ग्रॅमचा तुकडा वजनकाट्यावर येतो. समजा पाटीवर ११९ कोरुना (हे तिथलं चलन) आहेत, तर ३८० ग्रॅमचे ४५२ झाले. पाव आणि बटाटे वेगळे. काही ठिकाणी बटाट्या-कोबीचे पदार्थही वजनावरच. मांस कापून झालेलं, मागे रांग, भाषा येत नाही. अशा वेळी बहुतेक जण मुकाट्याने पैसे देतात, आणि हा सगळा धंदा त्या संकोचावरच उभा आहे. भाव आणि त्याचं माप पाटीवर असल्यामुळे नंतर भांडून फारसं हाती लागत नाही. जे बोलायचं ते सुरी चालण्याआधी.

"स्तो पादेसात ग्रामू, प्रोसीम", म्हणजे दीडशे ग्रॅम द्या. पावासोबत एकाला तेवढं पुरतं. जमलं नाही तर फोनवर आकडा लिहून दाखवा आणि काट्याच्या पडद्यावर लक्ष ठेवा. दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे होणारच, पण दुप्पट तुकडा पडला तर तो प्लेटमध्ये जाण्याआधीच "ने" म्हणजे 'नको' म्हणा आणि कमी करायला लावा. हे उद्धटपणाचं नाही, खुशाल म्हणा.

पैसे देताना दुसरा फटका बसतो. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात असलं तरी चलन कोरुनाच आहे. युरो घेणारा स्टॉल दर स्वतःच्या सोयीने लावतो आणि सुट्टे कोरुनात देतो, म्हणून हिशेब जागेवर जुळवता येत नाही. कार्डाच्या यंत्राने रुपयांत रक्कम दाखवली तर ती नाकारून कोरुना निवडा. रुपयांच्या दरात यंत्रवाल्याची कमाई मिसळलेली असते.

सुट्ट्यांत आलेली नोट उलटून पाहा. हंगेरीचा फोरिंट कोरुनाहून कितीतरी स्वस्त आहे, आणि अनोळखी नोटांच्या गठ्ठ्यात तो सहज खपतो.

पावती मागायला विसरू नका; मागितली तर ती द्यावीच लागते. शब्द आहे 'ऊच्तेन्का'. वजन किंवा बेरीज चुकीची निघाली तर पावती आणि पाटीचा फोटो जोडून चेक व्यापार निरीक्षण संस्थेकडे तक्रार करता येते.