कुत्र्यासोबत समुद्रकाठी: दिवेआगर की हरिहरेश्वर?

पुण्याहून दोन्हीकडे वाट ताम्हिणी-माणगावचीच. घाटातल्या वळणांनी कुत्रं ओकतं, म्हणून निघण्याआधी 3-4 तास खायला देऊ नका.

चालायला दिवेआगर सरस. लांबलचक सपाट वाळू, मागे सुरूची झाडं. ओहोटीला ओल्या, घट्ट वाळूवरून चालवा; कोरडी वाळू दुपारी पंजे भाजते. हाताची मागची बाजू 7 सेकंद टेकवता येत नसेल, तर सावली गाठा. खारं पाणी जास्त पोटात गेलं की उलट्या-जुलाब होतात, त्यामुळे गोडं पाणी सोबत हवं आणि ते दर 15 मिनिटांनी पाजावं. परतल्यावर पंजेही त्यानेच धुवा.

हरिहरेश्वरचे लाटांनी कोरलेले कातळ जास्त देखणे, यात वाद नाही. पण प्रदक्षिणेची वाट देवस्थानाची, खडक निसरडे, भरतीत जीवघेणे. कुत्र्याला तिथे नेऊच नये; बाजूच्या वाळूवर, पट्टा लावून फिरवा.