चढावर ट्रेलर ओढणारी सायकल आणि माझे ८४,५००

चौऱ्याऐंशी हजार पाचशे. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना मनातल्या मनात बेरजा करत बसायला नको. इ-सायकलच्या मोटर-बॅटरी किटसाठी एका ठगाला पाच हप्त्यांत दिले, माझ्याच हाताने दिले. त्यातले ३९,००० तर अशा वेळी दिले जेव्हा डोळ्यांसमोर सगळं दिसत होतं. तेच जास्त झोंबतंय.

माझं काम कुंड्यांचं आणि रोपांचं. माती, खत, कुंड्या खालच्या रस्त्यावरून वर आणायच्या. सहाशे मीटरचा चढ, दर शंभर मीटरला आठ मीटर उंची. सायकलमागे ट्रेलर लावून वर्षभर अर्धं चालवत, अर्धं ढकलत ते केलं आणि शेवटी गुडघ्यांनीच हात टेकले. दुकानातली तयार इ-सायकल एकट्या माणसाला चढ चढवते, मागे सव्वा क्विंटल लावलं की तिचा जीव जातो, हे मला माहीत होतं. म्हणून खास बांधून घ्यायचं ठरवलं. पेडलजवळ बसणारी १,५०० वॉटची मिड-ड्राइव्ह मोटर, ४८ व्होल्ट ३० अँपिअर-तासांची बॅटरी, सगळं किट जुळवून, तपासून घरपोच. बसवायचं कसं, ते किट विकणारा फोनवर सांगणार.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. आधी बुकिंग, मग 'माल अडकलाय', मग अजून थोडे, मग अजून थोडे. बुकिंगला १८,५००. मोटर मागवायला २७,०००. बॅटरीला ३१,७५०. टेस्टिंग आणि पॅकिंगचे २,९००. आणि लिथियम बॅटरी धोकादायक माल म्हणून वेगळं वाहतूक शुल्क ४,३५०. पाच हप्ते आणि तीन वेगवेगळ्या नावांची खाती. "ताई, ते पार्टनरचं खातं आहे." पुढच्या वेळी, "ताई, ते वहिनीचं आहे, माझ्या खात्याची लिमिट संपली." खात्यावरचं नाव बदललं की तिथेच थांबा. पार्टनर असो, वहिनी असो, देव असो.

स्वस्तात मिळतंय म्हणून भुलली, असं कुणी म्हणू नका. तीन ठिकाणी चौकशी केली होती, ह्याचा भाव मधला होता. फार स्वस्त असता तर मीच पळाले असते. हे लोकही आता शहाणे झालेत.

तर तो व्हिडिओ. दोन हप्ते गेले होते, म्हणजे ४५,५००, आणि मी कुरकुर करायला लागले होते. तेव्हा त्याने बावीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. 'तुमच्यासारखंच बिल्ड, ताई, १५० किलो लोड.' एक माणूस सायकलवर ताठ बसलाय, मागे पोत्यांनी भरलेला ट्रेलर, आणि सायकल चढावर सुसाट चाललीय. पाय पेडलवर नुसते टेकवलेले. मी तो कितीतरी वेळा पाहिला. घरात सगळ्यांना दाखवला, हेही लिहून टाकते, आता लाज राखून काय करायचंय.

त्यात चेन फिरत नव्हती.

मिड-ड्राइव्ह मोटर पेडलच्या आसाजवळ बसते आणि ताकद पुढच्या चक्रातून चेनवाटे मागच्या चाकाला देते. पाय स्थिर असले तरी चालेल, पण मोटर ओढत असेल तर चेन पळालीच पाहिजे. इथे चेन फोटोत काढल्यासारखी. मला ते दिसलं. मी स्वतःला म्हटलं, व्हिडिओ हलतोय म्हणून तसं दिसत असेल. मग रस्त्याकडेचे विजेचे खांब. चढ कितीही खडा असला तरी खांब सरळ उभे असतात, तिरका असतो तो रस्ता. या व्हिडिओत खांब रस्त्याला काटकोनात, सगळेच्या सगळे मागे कललेले. पोत्याला बांधलेल्या दोरीचं टोक लोंबत होतं, तेही खांबांसारखंच तिरकं. म्हणजे चढ नव्हताच. फोन तिरका धरला होता आणि सायकल बहुधा आधी घेतलेल्या वेगाने सपाट रस्त्यावर नुसती घरंगळत होती. शिवाय एका गचक्यावर ट्रेलर रिकाम्या डब्यासारखा टुणकन उडाला. दीडशे किलोचा ट्रेलर असा उडतो? माझा शंभर किलोचा दगडासारखा आपटतो, रोज आपटतो.

हे सगळं पाहिलं आणि त्याच संध्याकाळी ३१,७५० पाठवले. का? कारण ४५,५०० आधीच गेले होते आणि ते गेले असं मानायची तयारी नव्हती. दुसरं कारण नाही.

आता हिशेब, जो मी आधी करायला हवा होता. माझं वजन ५८, मोटर-बॅटरीसकट सायकल ३२, ट्रेलर २२, माल १२०. एकूण २३२ किलो. आठ टक्के चढावर मागे खेचणारं बल साधारण १८२ न्यूटन, टायर-रस्त्याच्या घर्षणाचे वीस-बावीस धरा, म्हणजे २०५ च्या आसपास. ताशी १० किलोमीटरने चढायचं तर चाकाशी ५७० वॉट लागतात. त्यातले ऐंशी-शंभर माझ्या पायांचे. म्हणजे १,५०० ची गरजच नव्हती. प्रामाणिक ७५० वॉटची मिड-ड्राइव्ह आणि सायकलचा हलका गिअर, एवढ्यात काम झालं असतं. आणि बॅटरी? अख्खा चढ एकदा चढायला नुकसानी धरूनही साठेक वॉट-तास. ३० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १,४४० वॉट-तास! किती साठा आहे यापेक्षा एका वेळी किती करंट देऊ शकते, हा चढावरचा खरा प्रश्न. हे मला येतं हो. नातेवाइकांच्या पंपाची वायरिंग मी करून दिलीय. पण मोठे आकडे समोर आले आणि मी गप्प बसले.

खरा बिल्डर आधी तुम्हाला भंडावून सोडतो: बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पेडलचा आस बसतो ती नळी ६८ मिलिमीटरची की ७३, चाक २६ इंची की २०, ब्रेक कुठले, चढ किती टक्के आणि किती लांब, एकूण वजन किती, ट्रेलरला स्वतःचा ब्रेक आहे का. या माणसाने अडीच महिन्यांत मला एकच प्रश्न विचारला, "ताई, पेमेंट कधी करताय?"

एकाहत्तराव्या दिवशी खोकं आलं. त्यावर बॅटरीचं धोक्याचं, वर्ग ९ चं लेबल नाही, ज्याच्यासाठी माझ्याकडून ४,३५० घेतले होते. मी खोकं फाडलं. व्हिडिओ न काढता फाडलं. तुम्ही असं करू नका. आधी बंद खोक्याचं वजन करा, काट्यासकट फोटो घ्या, मग कॅमेरा चालू ठेवून उघडा. पुढे सगळे तेच मागतात.

आत मिड-ड्राइव्ह नव्हती. चाकात बसणारी हब मोटर, तीही साधी. 'वेट करा, ताई, चेंज करून देतो, तोवर ही वापरून बघा, हिलाच जास्त टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर.' ही थाप मला चाळीस दिवस पुरली. म्हणून लावून पाहिली. एक्सल फिरू नये म्हणून लागणारा टॉर्क आर्मही खोक्यात नव्हता, तो मी पट्टी कापून बनवला. वा रे ग्राहक.

चढावर पहिले चाळीस मीटर गेली. मग आवाज जड झाला, जळक्या वार्निशचा वास आला. मोटर कमी वेगात कोंडली की वीज चाकात न जाता वेटोळ्यात उष्णता होऊन बसते. आणि बॅटरीने गपकन मान टाकली. सगळं बंद. मागे दीडशेच्या आसपास किलो. ट्रेलर मला उलटा खेचायला लागला, वाकडा झाला, दोन पोती फुटली. मी चाकाखाली पाय घातला. पाय! दगड नाही सुचला. तीन आठवडे लंगडत होते. चढाला ट्रेलर लावत असाल तर त्याला ब्रेक हवा आणि चाकाखाली घालायला ठोकळा हाताशी हवा, मोटर कुठलीही असो.

नंतर एका मेकॅनिककडे नेली. मोटरवरचं '१,५०० वॉट'चं स्टिकर त्याने नखाने सोललं, खाली धातूत ३५० कोरलेलं. बॅटरी त्यानेच उघडली (घरी उघडू नका, स्क्रू-ड्रायव्हर घसरला तर आग लागते). ४८ व्होल्टला १३ सेलची माळ लागते. चांगला १८६५० सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब) साधारण ३.५ अँपिअर-तासांचा, म्हणजे ३० साठी अशा ९ माळा, ११७ सेल. निघाले ५२. जुन्या पॅकमधून काढून नवं वेष्टन चढवलेले. बाकीच्या जागेत फोम आणि फरशीचे दोन तुकडे. वजन भरून काढायला फरशी! मी घरी काट्यावर ६.९ किलो मोजून खूश झाले होते. चार्ज करून मोजली तर ६.१ अँपिअर-तास. विक्रेता एका सेलची क्षमता पाच-नऊ हजार एमएएच, म्हणजे पाच-नऊ अँपिअर-तास, सांगत असेल तर १८६५० मध्ये तसा सेलच नसतो, फोन ठेवा.

मग तक्रार. पोलिसांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, वस्तू मिळालीय ना? मग फसवणूक कशी, दर्जाचा वाद आहे, ग्राहक मंचात जा. तिथे विक्रेत्याचा पत्ता हवा. पत्ता खोटा, नोटीस परत. खरा पत्ता शोधायचा कुणी? पोलिसांनी. सायबरवाल्यांनी विचारलं, पहिल्या दिवशीच का नाही आलात. पहिल्या दिवशी फसवणूक झालीच नव्हती, साहेब, एकाहत्तराव्या दिवशी झाली. फॉर्ममध्ये 'घटनेची तारीख' एकच रकाना, माझ्याकडे पाच तारखा. बँक म्हणते व्यवहार तुम्ही स्वतः केलेत, पिन तुम्हीच टाकलात, आमच्याकडून काही चूक नाही. मी कुठे म्हणते तुमची चूक? तीन खाती आहेत, नावं आहेत, गोठवा. त्यासाठी पोलिसांचं पत्र हवं. पोलिसांना त्यासाठी बँकेचं विवरण हवं. अकरा खेपा झाल्या, दर खेपेला तीच झेरॉक्स. एकाने कागदावरून नजरही न काढता म्हटलं, "ताई, सायकल सरळ दुकानातून घ्यायची ना." आणि दुसऱ्याने कमाल केली: "दीड हजार वॉटची सायकल रस्त्यावर चालवायची परवानगी आहे का तुमच्याकडे?" क्षणात आरोपी मी! वाट खासगी आहे, हे मी तीनदा सांगितलं. तेव्हा कळलं की हे लोक मुद्दाम मोठ्या वॉटची किटं का विकतात. बऱ्याच देशांत सायकलच्या मोटरला कायदेशीर मर्यादा असते, त्याहून मोठी मागवणारा तक्रार करायला कचरतो. मी कचरले नाही. उपयोग तरी काय झाला?

हो, आणि एक फोन आला. 'तुमचे पैसे रिकव्हर करून देतो, प्रोसेसिंगचे ३,००० भरा.' माझं नाव, रक्कम, सगळं पाठ. पिन टाकेपर्यंत हात गेला होता. धाकट्या भावाने फोन काढून घेतला. मी त्याच्यावरच ओरडले. जे एकदा फसतात त्यांची यादी विकली जाते की काय कोण जाणे.

मागच्या आठवड्यात मोबाइलवर संदेश आला, तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कशी, काय, काही नाही. आणि परवा तोच व्हिडिओ पुन्हा दिसला, वेगळ्या नावाने, वेगळ्या नंबरने. तोच ताठ बसलेला माणूस, तीच थांबलेली चेन, तेच कललेले खांब. फक्त आता त्यावर २,००० वॉट लिहिलंय.