जानापावची गोल फेरी: वाट फर्स्ट क्लास, बंदोबस्त यथातथा

आम्हा इंदूरच्या राजेंद्रनगरवाल्यांचं जानापाव म्हणजे शहराजवळच्या या डोंगरावर गाडीने थेट वर, परशुरामाचं दर्शन, कुंडाचं पाणी डोक्याला लावायचं आणि खाली हायवेवर चहा पिऊन घरी. त्यामुळे इथल्या एका ट्रेकवाल्यांनी ‘जानापाव आणि आजूबाजूच्या टेकड्या, पायी गोल फेरी’ काढली तेव्हा मी आणि माझ्या नणंदेने लगेच नावं दिली. माणशी बाराशे. त्यात बस, सकाळचे पोहे-जिलबी, जेवण आणि वाटाड्या.

वाटेला पैकीच्या पैकी. जानापाव साधारण साडेआठशे मीटर आणि इंदूरच मुळात साडेपाचशेवर, त्यामुळे आकडा ऐकून कोणी घाबरत नाही. पण फेरीत एकदा चढून भागत नाही. उतरा, ओढा ओलांडा, पलीकडची टेकडी चढा, पुन्हा उतरा. गेलेल्या वाटेने परत यायचं नाही, हीच यातली मजा. खाली सोयाबीनची शेतं, मध्ये पळस आणि साग, वर काळा कातळ आणि गुडघाभर गवत.

दुसऱ्या टेकडीपुढच्या धारेवर वाटाड्याने सगळ्यांना थांबवलं. गावातलाच विशीतला मुलगा. त्याने बाटलीतलं पाणी खडकाच्या उजव्या अंगाला ओतलं, मग डाव्या. “काकीजी, ये वाला चंबल में जाएगा और ये नर्मदाजी में.” चंबळ यमुनेला मिळते, म्हणजे उजवीकडची ओंजळ बंगालच्या उपसागरात आणि डावीकडची अरबी समुद्रात! मधलं अंतर वीतभर. शाळेत विंध्याचा पाणलोट पाठ केला होता, तो इथे पायाखाली होता. जानापावातून साडेसात नद्या निघतात असं तिथले लोक सांगतात. त्यातली अर्धी कोणती, हे मात्र त्यालाही सांगता येईना. या पोराला बाराशेतले किती मिळतात कोण जाणे. आम्ही त्याच्या हातात वेगळे दिले, तुम्हीही द्या.

आता बंदोबस्त. जाहिरातीत ‘सोपी, सर्व वयोगटांसाठी’ लिहिलंय, ते खोडा. पाऊस पडून गेला असेल तर काळी माती बुटाला अशी चिकटते की प्रत्येक पाय दीड किलोचा होतो, आणि शेवटच्या टेकडीचा उतार सुट्या दगडांचा आहे. गुडघे कुरकुरत असतील तर काठी न्याच. ‘वाटेत पाणी मिळेल’ म्हणाले होते. मिळालं ते ओढ्याचं, गढूळ. दोन लिटर घरून घ्या. बायकांची सोय फक्त देवळापाशी, म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी. मधल्या पाच-सहा तासांचं काय, हे विचारल्यावर ग्रुपचा लीडर नुसता हसला. इथे दोन तारे कापले.

आणि जेवण! दाल-बाफले (बाफले म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे), लसणाची चटणी, गावातल्या घरी गोवऱ्यांवर भाजलेले बाफले, वरून तुपाची धार. चवीला इंदुरातल्या कुठल्याही हॉटेलाच्या तोंडात मारतील असे. पण वाढले कधी, तर शेवटच्या मोठ्या चढाच्या ऐन पायथ्याशी. तीन बाफले खाल्लेला माणूस झाडाखाली आडवा होतो, डोंगर चढत नाही. नणंद तर म्हणाली, “वहिनी, तुम्ही व्हा पुढे, मी इथेच संसार मांडते.” अर्धी मंडळी घोरत होती आणि लीडर शिट्ट्या वाजवत फिरत होता. मध्ये केळी आणि शेंगदाण्याची चिक्की द्यावी, बाफले फेरी संपल्यावर. एवढी साधी गोष्ट.

जायचं तर पाऊस ओसरल्यावर, ओढे वाहते असताना. कार्तिकी पौर्णिमेला वर जत्रा भरते, तो दिवस टाळा. गाडी लावायला जागा नसते.

पुढची तुकडी दसऱ्यानंतर निघतेय. नणंदेने पैसे भरलेही. मी जेवण किती वाजता देणार एवढंच विचारलंय, त्यांचं उत्तर आलं की बघू.