५०० बाइटच्या लाखो फाइली: ईएक्सटी४, बीटीआरएफएस की एनटीएफएस?

कॉलेजची काही पोरं पुण्यात वेताळ टेकडीवर तापमानाचे सेन्सर लावतायत, प्रत्येक रीडिंगची वेगळी जेसन फाइल, साधारण ५०० बाइटची, म्हणजे बघता बघता लाखो फाइली होणार, तर डिस्क कुठल्या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) फॉरमॅट करू असं विचारत होती. हे आधीच ठरवलेलं बरं, नंतर बदलायचं म्हणजे सगळा डेटा हलवा.

लिनक्सवर बहुतेक जण डोळे झाकून ईएक्सटी४ घेतात. त्यात ब्लॉक, म्हणजे जागा वाटायचा सगळ्यात लहान तुकडा, ४ केबीचा, त्यामुळे एवढीशी फाइलपण अख्खे ४ केबी अडवते. पण मला खरी काळजी वाटते आयनोडची, म्हणजे फाइलीची माहिती ठेवणाऱ्या नोंदीची. प्रत्येक फाइलीला एक लागतो आणि किती असणार ते फॉरमॅट करतानाच ठरतं, डिफॉल्ट दर १६ केबीला एक, म्हणजे १०० जीबीच्या पार्टिशनवर साधारण ६५ लाख. ते संपले की डिस्क पाऊण रिकामी असली तरी ‘जागा नाही’ असा एरर येतो, आणि मोकळी जागा दाखवणाऱ्या साध्या डीएफ कमांडमध्ये ते दिसतच नाही, डीएफ -आय मारावं लागतं. त्यामुळे ईएक्सटी४च हवं असेल तर फॉरमॅट करतानाच दर ४ केबीला एक आयनोड मागा. इनलाइन डेटाचा, म्हणजे छोटी फाइल आयनोडमध्येच ठेवायचा ऑप्शन आहे, पण नेहमीच्या २५६ बाइटच्या आयनोडमध्ये जेमतेम दीडशे बाइट मावतात, इथे उपयोग नाही.

मी या कामाला बीटीआरएफएसच घेईन. डिफॉल्ट २०४८ बाइटपर्यंतची फाइल ते मेटाडेटाच्या (फाइलींच्या नोंदींच्या) झाडातच ठेवतं, वेगळा ब्लॉक लागत नाही, आयनोडचा कोटा नाही. हल्ली एका डिस्कवर मेटाडेटाच्या दोन प्रती असतात त्यामुळे या फाइलीपण दोनदा लिहिल्या जातात, तरी ४ केबीपेक्षा खूप कमी जागा, शिवाय एक प्रत खराब झाली तर दुसरी असते.

विंडोजच वापरायचं असेल तर एनटीएफएस चांगलंय, साधारण ७०० बाइटपर्यंतची फाइल एमएफटीच्या, म्हणजे त्यातल्या फाइलींच्या यादीच्या, १ केबीच्या रेकॉर्डमध्येच बसते. फक्त फाइली डिलीट केल्या तरी एमएफटी लहान होत नाही.

आणि बॅकअपला तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ६४ जीबीचा पेनड्राइव्ह आणून त्यावर फाइली तशाच ओतू नका. विंडोजने तो एक्सफॅट या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट केला तर डिफॉल्ट क्लस्टर (तिथला ब्लॉक) १२८ केबीचा, म्हणजे १ लाख फाइलींचा ५० एमबी डेटा १२ जीबीच्या वर जागा खातो. आधी टार करा, म्हणजे सगळ्या फाइली एकाच फाइलीत बांधा, मग ती एकच फाइल कॉपी करा.