रात्री वावरात जाताना काठी की बॅटरी?

कृषिपंपाची लाईट रात्रीच्या पाळीत आली की ओलितासाठी वावरात जावंच लागतं. खांद्यावर फावडं, म्हणजे हात उरतो एकच. त्यात धरायचं काय?

सापासाठी बॅटरीच. मण्यार रात्रीच फिरतो, घोणस धुऱ्याच्या गवतात वेटोळं करून पडलेली असते. काठी आपटल्यानं ती हलेलच याचा भरवसा नाही, पाय टाकायची जागा दिसली पाहिजे. बिबट्याचे, रोह्याचे (नीलगायीचे) डोळेही उजेडात लांबूनच चमकतात. फक्त दिवसभर लाईट गुल असली की चार्जिंगची बोंब, अन् ऐन बांधावर उजेड मिणमिणतो.

काठीला ती कटकट नाही. खांद्याइतका भरीव बांबू, वर घुंगरू बांधलेले. चालताना आवाज होत राहतो, जनावराला आधीच वर्दी मिळते. एकदम समोरासमोर येण्यातच खरा धोका. पण काठी आहे म्हणून रानडुकराच्या अंगावर धावू नका, सुळ्यानं मांडी फाडतं.

माझ्या मते डोक्याला पट्ट्याची बॅटरी अन् हातात काठी. पैसे एकाच वस्तूचे असतील तर बॅटरी घ्या, बांबू गावात मिळतोच. ताडोबाच्या बाजूला पहाटे मोहफुलं वेचताना मात्र दोन्ही अपुरी. वाघ वाकलेल्या माणसावर मागून येतो, तिथं राखणीला दुसरा माणूस उभा पाहिजे.